शहरात शूटिंग येतंय? परवानगीच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

शूटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो. गल्लीत मात्र कॅमेरा सगळ्यात शेवटी पोहोचतो. पहाटे साडेचारला जनरेटरची गाडी येऊन लागते. तिच्या मागोमाग लाइटचा ट्रक, ट्रॉली-क्रेनचा ट्रक, आर्टचं सामान, कपडेपट, व्हॅनिटी व्हॅन, नाश्त्याची गाडी, आणि उजाडता उजाडता युनिटच्या शंभरेक माणसांच्या स्वतःच्या गाड्या. कॅमेरा एखाद्या दिवाणखान्यात मावतो. बाकी सगळं रस्त्यावर उभं राहतं, आणि तो रस्ता कुणाच्या तरी घरासमोरचा असतो.

मी बरीच वर्षं लोकेशन मॅनेजर म्हणून काम केलं. म्हणजे तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसला आहात, तिच्या समोरच्या बाजूला उभं राहून अर्ज दिले. काही शहरांत पुन्हा पुन्हा जावंसं वाटलं, काही शहरांचं नाव काढलं की दिग्दर्शक आजही दुसरी जागा बघ म्हणतो. फरक कशाने पडतो ते मला या लेखात सांगायचं आहे. ज्यांच्याकडे नगरपालिकेत नुकतीच चित्रीकरणाच्या परवानग्यांची जबाबदारी आली आहे आणि पहिला अर्ज टेबलावर पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कॅमेऱ्याची काळजी निर्माता घेतो. तुम्ही ट्रकांची घ्या.

आधी हे ओळखा, की ते तुमच्याकडे का येतात

मोठ्या शहराजवळच्या उपनगरात काम केलं की कलाकार आणि तंत्रज्ञ रात्री आपापल्या घरी जातात. हॉटेल आणि प्रवासभत्ता वाचतो. लॉस एंजेलिसमध्ये हे गणित चक्क नकाशावर आखलेलं आहे. बेव्हर्ली बुलेवार्ड आणि ला सिएनेगा बुलेवार्ड मिळतात त्या चौकापासून ३० मैलांचं एक वर्तुळ आहे, आणि त्याच्या आतलं काम युनियनच्या करारांत स्थानिक धरलं जातं. सांता क्लॅरिटा हे उपनगर त्या वर्तुळात बसतं. शिवाय त्याच्या परिसरात चित्रीकरणासाठी राखलेले माळ आहेत, त्यातला गोल्डन ओक रँच डिस्नेने १९५९ मध्ये विकत घेतला. त्यामुळे तिथे वर्षभर कुठलं ना कुठलं युनिट असतंच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उपनगराला कुठलंही शहर होता येतं. साधी घरं, शाळेचं पटांगण, दवाखाना, जुन्या न्यायालयासमोरचा चौक. जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या पूर्वेला साधारण ३५ मैलांवर कोव्हिंग्टन नावाचं छोटं शहर आहे. तिथला न्यायालयाचा चौक गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या नावांनी दिसत आला आहे. तुमच्याकडे असं काय आहे, याची यादी अर्ज यायच्या आधीच करून ठेवा. फोटो काढताना पोस्टकार्डसारखा एकच सुंदर फोटो काढू नका. समोरून, मागून, दारातून बाहेरचं काय दिसतं, ट्रक कुठून आत येईल, हे सगळं काढा. लोकेशन शोधणारा माणूस आधी हेच बघतो.

तिसरं कारण करसवलत. जॉर्जियाने २००८ मध्ये मूळ सवलत २० टक्क्यांवर नेली आणि श्रेयनामावलीत राज्याचं बोधचिन्ह दाखवणाऱ्यांना आणखी १० टक्के देऊ केले, तेव्हापासून तिथल्या लहान लहान गावांतही ट्रक उभे राहू लागले. पण ही सवलत राज्य किंवा देश देतो, शहर देत नाही. ती आपल्याकडे नाही म्हणून हळहळत बसू नका. शहराला जे देता येतं, ते पुढे सांगतो.

पहिली पायरी: एक माणूस, एक फोन

सोमवारी दिग्दर्शकाने तीन घरं बघितली. तिन्ही त्याला चालतात. शुक्रवारपर्यंत एक पक्कं करायचं आहे. पहिल्या शहरात पोलीस, अग्निशमन दल, रस्ते विभाग आणि उद्यान विभाग अशी चार दारं ठोठवावी लागतात आणि प्रत्येक दारावर ‘आधी त्यांचं पत्र आणा’ असं सांगतात. दुसऱ्या शहरात एक बाई फोन उचलतात, ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘बुधवारी दुपारी सांगते.’ आणि बुधवारी दुपारी खरंच सांगतात. घर कुठलं ठरणार हे मी वेगळं सांगायला नको.

त्या बाई म्हणजे तुम्ही. अर्जदाराला चार विभागांत फिरवण्याऐवजी चारही विभागांतला एकेक माणूस तुमच्या ओळखीचा असू द्या. आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर पंधरा मिनिटं बसा, आलेले अर्ज समोर ठेवा आणि तिथेच हो-नाही करून घ्या. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोअब या छोट्या गावात १९४९ मध्ये चित्रीकरणाला मदत करणारी समिती उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. अशी काम करणारी ती जगातली सर्वांत जुनी समिती मानली जाते. जॉर्जियात काउंटीनिहाय, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रत्येक विभागात, एकेक संपर्क व्यक्ती नेमलेली असते. लॉस एंजेलिसमध्ये फिल्म एल.ए. ही ना-नफा संस्था शहर आणि काउंटी, दोन्हींच्या परवानग्यांचा समन्वय करते. तुमचं शहर लहान असेल तर संस्था वगैरे नको, एक टेबल पुरतं.

आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. मनापासून सांगतो, लवकर मिळालेला नकार हीसुद्धा मदतच असते. ‘बघू या’ म्हणत चार दिवस घालवलेत तर युनिटचं नुकसान होतं, आणि त्या शहराचं नाव सगळ्या लोकेशन मॅनेजरांत पसरतं. आमचं जग फार लहान आहे.

दुसरी पायरी: अर्जात ट्रकांबद्दल विचारा

बहुतेक अर्जांत पहिला प्रश्न असतो ‘चित्रपटाचं नाव काय’. नाव लागेलच, पण तुमच्या कामाचे प्रश्न वेगळे आहेत. गाड्या किती आणि सगळ्यात लांब गाडी किती फुटांची? जनरेटर कुठे उभा राहणार? युनिटच्या माणसांच्या गाड्या कुठे लागणार? माणसं कुठे जेवणार? शौचालयाची सोय काय?

वेळ विचारताना ‘शूटिंग किती वाजता’ असं विचारू नका. या प्रश्नाला प्रॉडक्शन मॅनेजर प्रामाणिकपणे ‘सकाळी आठ ते रात्री आठ’ असं उत्तर देईल, कारण कॅमेरा तेवढाच वेळ चालतो. तुम्ही विचारा, ‘पहिली गाडी गल्लीत किती वाजता शिरणार आणि शेवटची किती वाजता बाहेर पडणार?’ उत्तर येईल पहाटे पाच आणि रात्री साडेदहा. शिवाय सेट लावायला आदल्या दिवशी कुणी येणार का, काढायला दुसऱ्या दिवशी कुणी थांबणार का, हेही विचारा. अर्जात एक दिवस लिहिलेला असतो, तेव्हा गल्लीला बऱ्याचदा तीन दिवस मोजावे लागतात.

मग विशेष गोष्टी: धूर, आग, गोळीबाराचा आवाज, खोटा पाऊस, ड्रोन, स्टंट, प्राणी, लहान मुलं. यातल्या प्रत्येकीला वेगळे नियम आणि वेगळा विभाग असतो, म्हणून त्या शेवटच्या क्षणी कळता कामा नयेत. विम्याचा कागद मागा. सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे शूटिंगमुळे तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा हवा आणि त्यात नगरपालिकेचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून असायला हवं.

एक विनंती. पाच माणसं, एक कॅमेरा, एक स्टँड घेऊन माहितीपट करणाऱ्या मुलांना दीडशे माणसांच्या मालिकेचा अर्ज भरायला लावू नका. जे रस्ता अडवत नाहीत, जनरेटर आणत नाहीत, त्यांच्यासाठी एका पानाचा अर्ज ठेवा. आज त्या एका पानावर सही घेऊन गेलेली मुलगी दहा वर्षांनी मोठं युनिट घेऊन परत येते, हे मी पाहिलं आहे.

तिसरी पायरी: रेकीला स्वतः जा

युनिट रेकीला, म्हणजे जागेच्या आगाऊ पाहणीला निघेल तेव्हा टेबलावर बसून राहू नका, त्यांच्याबरोबर जा. आणि ज्या वेळी शूटिंग असेल त्याच वेळी जायचा आग्रह धरा. दुपारी बारा वाजता शांत असलेली गल्ली साडेतीनला शाळा सुटली की ओळखू येत नाही.

दिग्दर्शक आणि कॅमेरामन समोर बघत असतात. तुम्ही वर आणि खाली बघा. वर विजेच्या तारा आहेत का, कारण क्रेनचा हात तिथूनच फिरणार असतो. खाली गटारांची तोंडं कुठे आहेत? रात्रीच्या दृश्याआधी युनिट बऱ्याचदा रस्ता पाण्याने भिजवतं, म्हणजे दिवे डांबरावर चमकतात आणि चित्र खुलतं. दिसायला ते फार सुंदर असतं. पण ते पाणी उताराने कुठे जाणार, पहाटे कामाला निघालेला दुचाकीस्वार तिथून घसरणार का, हे बघायला त्या क्षणी तुमच्याशिवाय कुणी नसतं.

अग्निशमनाचा नळ, रुग्णवाहिका वळायची जागा, बसचा थांबा, हे सगळं तिथेच पायी फिरून ठरवा आणि कागदावर आखा. उंचावर दिवे लावणार असतील तर त्यांचं तोंड कुठे असेल ते विचारून त्या दिशेला चालत जा आणि वर बघा. कुणाची तरी झोपायची खोली दिसेल. काळा कपडा लावून प्रकाश अडवता येतो, पण ते आधी ठरलेलं असावं लागतं.

चौथी पायरी: शेजारी

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

एका उपनगरात रात्रीचं दृश्य होतं. मी स्वतः गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन पत्र दिलं होतं. लोक हसतमुख होते, एका आजींनी तर खुर्ची टाकून बघायची परवानगी मागितली. रात्री साडेअकराला मागच्या गल्लीतून एक तरुण बाप कडेवर बाळ घेऊन आला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, ‘तीन तास झाले, हा झोपत नाही.’ मी मागे गेलो तर आमचा जनरेटर त्याच्या खिडकीपासून वीस पावलांवर घरघरत होता. आवाज साउंडवाल्याला नको म्हणून आम्ही जनरेटर घरामागे नेला होता, आणि मी पत्रं फक्त घरापुढे वाटली होती. मागच्या गल्लीत एकाही घराला काही माहीत नव्हतं. पुढचा तास आम्ही केबल ओढत जनरेटर हलवण्यात घालवला. त्या बापाचा थकलेला चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हापासून माझा नियम असा: पत्र कॅमेऱ्याभोवती वाटायचं नाही. नकाशावर जनरेटर, ट्रक, दिवे आणि जेवणाचा मांडव यांच्या खुणा करायच्या, आणि प्रत्येक खुणेभोवतीच्या घरांना पत्र द्यायचं. परवानगी देताना तुम्ही हा नकाशा मागा. नकाशा नसेल तर सही करू नका.

पत्र साधं असावं. साधारण असं:

‘नमस्कार. येत्या मंगळवारी आपल्या गल्लीत एका मालिकेचं चित्रीकरण आहे. पहाटे पाचला पहिली गाडी येईल, रात्री साडेदहाला शेवटची जाईल. संध्याकाळी सात ते दहा या वेळात मोठे दिवे लागतील. जनरेटर मागच्या मोकळ्या जागेत असेल. आपल्या फाटकासमोर गाडी लागणार नाही. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, कुणाची रात्रपाळी असेल, तर कृपया आधी कळवा. खालचा नंबर त्या दिवशी गल्लीतच उभ्या असलेल्या माणसाचा आहे.’

शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. कार्यालयाचा नंबर रात्री अकराला कुणी उचलत नाही. जागेवरचा माणूस उचलतो आणि दोन मिनिटांत दारात येतो. लोकांचा राग बहुतेक वेळा त्रासाचा नसतो, आपल्याला कुणी विचारलं नाही याचा असतो.

पत्र निदान काही दिवस आधी पोहोचू द्या, म्हणजे कुणाच्या घरी त्या दिवशी कार्य असेल, सामान हलवायचं असेल तर ते सांगू शकतील. रात्रीचं काम असेल तर नुसतं पत्र पुरत नाही. घरोघर जाऊन संमतीच्या सह्या घ्यायला सांगा. आणि ज्या दुकानांसमोर रस्ता अडणार आहे त्यांना वेगळं भेटायला सांगा. दुकानदाराचा त्या दिवसाचा गल्ला बुडणार असेल तर भरपाईची बोलणी निर्मात्याने आधी करायची, नंतर नाही.

घर देणाऱ्याला काय सांगाल

लोक तुमच्याकडे येऊन विचारतील, ‘आमचं घर मागताहेत, देऊ का?’ हे काही तुमच्या अखत्यारीत येत नाही, पण ते विश्वासाने विचारतात, म्हणून चार गोष्टी सांगा. करार लेखी असावा. त्यात लावायचे आणि काढायचे दिवसही मोजलेले असावेत. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिंतीचे, फरशीचे फोटो युनिट यायच्या आधी काढावेत. फरशीवर पुठ्ठे आणि फळ्या अंथरल्याशिवाय एकही स्टँड आत येऊ देऊ नये. चिकटपट्टी भिंतीला कुठली लावतात ते बघावं, कारण साधी पट्टी ओढून काढली की रंगाचा पापुद्रा बरोबर येतो. आणि कुठल्या खोल्या द्यायच्या नाहीत ते ठरवून त्यांना कुलूप लावावं.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मालिका गाजली तर घरही गाजतं. अमेरिकेतल्या अल्बुकर्क शहरातल्या एका घराच्या छतावर एका प्रसिद्ध मालिकेतल्या दृश्याची नक्कल म्हणून चाहते वर्षानुवर्षं पिझ्झे फेकत राहिले. शेवटी २०१७ मध्ये घरच्यांनी उंच कुंपण घातलं. असं क्वचितच होतं, पण घर देणाऱ्याने ते ऐकून मग ठरवावं. घराचा नंबर आणि गल्लीची पाटी चित्रात येऊ नये, असं करारात लिहून घेता येतं.

शूटिंगच्या दिवशी

आधीची कामं नीट झाली असतील तर त्या दिवशी तुम्हाला फार करावं लागत नाही. सकाळी एकदा जा. गाड्या नकाशाप्रमाणे लागल्या आहेत का बघा, फुटपाथवरून बाबागाडी जाईल एवढी वाट आहे का बघा. शॉटसाठी रहदारी थांबवायची तर पोलिसांच्या हातूनच, आणि दोन-तीन मिनिटांहून जास्त नाही. रुग्णवाहिका आली तर शॉट थांबतो. यावर चर्चा होत नाही, हे सहायक दिग्दर्शकाला आधीच सांगा. खोटी शस्त्रं, खोटे पोलीस, खोट्या पोलिसांच्या गाड्या असतील तर खऱ्या पोलिसांना वेळेसकट माहीत असायला हवं, आणि शॉट नसेल तेव्हा ती शस्त्रं पेटीत आणि गाड्यांवरची चिन्हं झाकलेली असायला हवीत.

पैसा कुठे उरतो

नगरपालिकेचं शुल्क हा त्यातला लहान भाग. खरा पैसा लाकडाच्या वखारीत, रंगाच्या दुकानात, लाँड्रीत, जेवण पुरवणाऱ्याकडे, जागा भाड्याने देणाऱ्याकडे जातो. म्हणून परवानगीच्या पत्रासोबत तुमच्या शहरातल्या अशा व्यावसायिकांची यादी जोडा. आर्ट डिपार्टमेंटच्या माणसाला रात्री नऊ वाजता चार बिजागऱ्या हव्या असतात. कुठलं दुकान शटर उघडेल हे त्या यादीत असेल तर तो मोठ्या शहरापर्यंत गाडी पिटाळणार नाही.

काही ठिकाणी शहर याहून खूप पुढे गेलं आहे. लंडनच्या उत्तरेला बोरमवुड इथला एल्स्ट्री स्टुडिओ १९९६ मध्ये हर्ट्समियरच्या स्थानिक कौन्सिलने विकत घेतला. पण ते तुमचं पहिलं वर्ष नव्हे. पहिल्या वर्षी दहा शूटिंग नीट पार पडली तरी खूप झालं.

पॅकअपनंतर

एक वही ठेवा. कुठल्या गल्लीत किती दिवस शूटिंग झालं, रात्री किती वेळा, तक्रारी कुठल्या आल्या. देखणी गल्ली एकच असते आणि सगळ्यांना तीच हवी असते, म्हणून वर्षाला किती दिवस याची मर्यादा आधीच ठरवा आणि मोठ्या निर्मात्यासाठीही ती मोडू नका. लोक दमले की ते सगळ्याच शूटिंगना विरोध करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच युनिटच्या माणसाबरोबर सगळा परिसर चालून या. तेलाचे डाग, सिगारेटची थोटकं, गवतावर चाकांचे चर, मांडवाच्या खुंट्यांची भोकं. आणि विजेच्या खांबांकडे बघा. ट्रकवाल्यांना रस्ता कळावा म्हणून युनिट कोपऱ्याकोपऱ्यावर बाणाच्या पाट्या बांधतं, त्यांवर चित्रपटाचं नाव नसतं, एखादा सांकेतिक शब्द असतो. हमखास एखादी विसरलेली असते. तीही काढून घ्या, मग निर्मात्याने भरलेली अनामत रक्कम परत करण्याच्या कागदावर सही करा.